कोळी चावला असं वाटलं तर काय करायचं

"कोळी चावला" म्हणून दाखवायला येणाऱ्या बहुतेकांनी कोळी पाहिलेलाच नसतो. सकाळी उठल्यावर पोटरीवर लाल फोड दिसतो, मानेवर चट्टा उठतो, काजूच्या बागायतीत पातेऱ्याखाली, म्हणजे गळलेल्या पानांखाली, हात घातल्यावर काहीतरी डसतं, आणि दुसरं काही सुचलं नाही की कोळ्याचं नाव लागतं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आरोग्य केंद्रावर परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी वाड्यावरची माणसं अजून आधी माझ्या ओसरीवर येतात, मग दवाखान्यात जातात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

गोव्यात कोळ्याच्या विषाने माणूस दगावण्याची भीती फार थोडी. पण "कोळीच असणार" असं धरून घरी बसून राहिल्याने माणूस जाऊ शकतो. म्हणून औषधाच्या आधी ओळखीचं बोलू.

पहिला प्रश्न: कोळी डोळ्यांनी पाहिलात का?

चावताना किंवा चावल्यावर लगेच तिथे कोळी दिसला असेल तर गोष्ट वेगळी. दिसला नसेल, आणि चावा रात्री झोपेत झाला असेल, तर आधी मण्याराचा विचार करा. मण्यार रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा चावा फारसा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा पुष्कळदा शोधूनही सापडत नाहीत. माणूस जागा होतो, अंग झाडतो, "काहीतरी चावलं" म्हणून परत झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, घसा धरतो. मग पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो.

पावसाच्या तोंडावर एकदा एक आई मुलाला कडेवर घेऊन आली. शाळेत जाणारा मुलगा, कडेवर घ्यायचं वय नव्हतं त्याचं. "सिस्टर, रात्री कोळी चावला त्याला, सासूबाईंनी चुना लावलाय. आता पोट दुखतंय म्हणतो." कानामागे चुन्याचा पांढरा ठिपका होता, त्याखाली काहीच दिसत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "बाळा, वर पंख्याकडे बघ." त्याने डोळे वर केले नाहीत, सगळं डोकंच मागे टाकलं. पापण्या बुबुळाच्या निम्म्यावर येऊन थांबल्या होत्या आणि कितीही प्रयत्न केला तरी वर जात नव्हत्या, म्हणून खालच्या फटीतून बघण्यासाठी त्याने मान उलटी केली होती. डॉक्टरांनी तिथेच सापाची लस सुरू केली आणि 108 रुग्णवाहिकेने त्याला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं. काही दिवस तो कृत्रिम श्वासावर होता. वाचला.

ती मान मागे टाकण्याची तऱ्हा लक्षात ठेवा. पापणी पडायला लागली की कोळ्याचा विचार सोडा, साप समजा आणि निघा. चाव्याच्या जागी सूज भराभर वर चढत असेल, हिरड्यांतून किंवा जुन्या जखमेतून रक्त येत असेल, तर फुरसं किंवा घोणस समजा आणि तसेच निघा. सापाची लस कोळ्याच्या विषावर चालत नाही, पण सापावर तीच एक चालते, आणि तिला उशीर झाला की नुकसान वाढत जातं.

लाल विंचवाचंही असंच. अंधारात डसलं, विंचू दिसला नाही, लहान मूल घामाने ओलंचिंब झालं, हातपाय गार पडले, उलट्या सुरू झाल्या, तर एक मिनिट घालवू नका. पूर्वी कोकणात या विंचवाने मुलं पटापट जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मुलं वाचायला लागली. ते औषध वेळेत पोटात गेलं पाहिजे, म्हणून विंचू उतरवणाऱ्याच्या दारात थांबायचं नाही.

घोण, म्हणजे मोठी गोम, चावली तर दोन टोचे शेजारी दिसतात, आग फार होते, पण बहुधा तेवढ्यावरच निभावतं. काजूच्या झाडावर चढणाऱ्यांना हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, डसतात ते वेगळं सांगायला नको.

जे चावेच नसतात

आता फोड आणि चट्टे. पावसाळ्यात दिव्याखाली एक बारीक लांबट किडा येतो, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, मुंगीपेक्षा थोडा मोठा. तो चावत नाही. मानेवर बसला म्हणून आपण तो हाताने चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. त्या वेळी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी जिथून हात फिरला तिथे भाजल्याची लांब रेघ उठते, तिच्यावर बारीक फोड येतात. घरोघरी याला "अंगावरून कोळी गेला" किंवा "कोळी मुतला" म्हणतात. बिचाऱ्या कोळ्याचा यात काही संबंध नाही. किडा बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

एकाच बाजूला, कमरेवर किंवा बरगडीवर, पट्ट्याने फोड आले आणि आधी दोनतीन दिवस तिथे ठणका होता, तर तो नागीण हा आजार. तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर फायदा जास्त. लेप लावत बसण्यात तेच दिवस जातात.

सगळ्यात फसवी असते ती काळी खपली. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली एक छोटी काळी खपली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणसाला ती स्वतःला माहीतही नसते. दाखवली तर "कोळी चावला असेल" म्हणतात. हा स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या पिल्लांमुळे होतो, आणि गोव्यात त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. डॉक्सीसायक्लिन या स्वस्त गोळीने तो बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, फुफ्फुसं, मेंदू सगळ्यांवर येतो. ताप असलेल्या माणसाचे कपडे काढून काखा-जांघा बघायला लाजू नका. मी बायकांना पडद्याआड नेऊन बघायचे, आणि खपली सापडली की डॉक्टरांना हाक मारायचे.

आमच्या सत्तरीत आणखी एक भर पडली आहे. माकडताप. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात 1957 साली पहिल्यांदा ओळखला गेलेला हा आजार 2015 मध्ये सत्तरीत पोचला. तो पसरतो गोचिडींमुळे, आणि त्याचे दिवस म्हणजे नेमका काजूचा हंगाम. काजूची फळं, म्हणजे बोंडू, गोळा करून आल्यावर पोटरीवर लाल ठिपके दिसले आणि चार-सहा दिवसांनी जोराचा ताप आला, तर "कोळी चावला होता" असं सांगू नका. "काजूत गेले होते, गोचीड चिकटली होती" असं सांगा. डॉक्टरांचा पुढचा सगळा विचार त्या एका वाक्यावर बदलतो.

आणि मधुमेह असलेल्यांनी पायावरच्या कुठल्याही लाल, गरम, पसरणाऱ्या सुजेला कोळ्याचं नाव देऊच नये. तो जंतुसंसर्ग असतो आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतो.

इथले कोळी

विष जवळजवळ सगळ्या कोळ्यांना असतं. त्यावर ते किडे मारून जगतात. पण बहुतेकांचे दात आपल्या कातडीला पुरत नाहीत, आणि पुरले तरी तेवढ्याशा विषाने माणसाला फारसं काही होत नाही.

घरात भिंतीवर रात्री दिसणारा मोठा चपटा तपकिरी कोळी, जाळं न विणणारा, पालीच्या चपळाईने पळणारा, तो हंट्समन. झुरळं खातो. मादी अंड्यांची पांढरी चपटी पुडी पोटाखाली धरून फिरते, त्या वेळी तिला चिमटीत पकडायला गेलात तर चावते. आग होते, सूज येते, दिवसभरात उतरते. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, काडीच्या पायांचा बारीक कोळी तर अगदी निरुपद्रवी. "जगातला सगळ्यात विषारी, फक्त दात छोटे" असा निरोप त्याच्याबद्दल फिरतो, तो खोटा आहे. संडासाच्या सीटखाली लपून जीव घेणाऱ्या कोळ्याचा निरोपही तसाच. त्यासोबत ज्याचा फोटो येतो तो टेलामोनिया हा उड्या मारणारा छोटा कोळी झाडांच्या पानांवर राहतो आणि माणसाला काही करत नाही.

चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला रानात गेलात की कवंडळ, कांगले ही रानफळं शोधताना तोंडावर पिवळसर, चिवट जाळं येतं. उन्हात ते सोनेरी दिसतं. मध्यभागी बसलेली काळी-पिवळी मादी, अंगच चार-पाच सेंटिमीटरचं, पाय धरले तर तळहात भरेल. तिला बघून मुलं किंचाळतात. तिच्यापासून धोका नाही. काठी पुढे धरून चाला म्हणजे तिचं जाळंही वाचेल आणि तुमचा चेहराही.

जपायचं ते टारांटुला या मोठ्या केसाळ कोळ्यापासून. म्हादई, मोले, खोतीगाव या रानांच्या पट्ट्यात ते आहेत. काही झाडाच्या ढोलीत राहतात, काही दरडीत. वाटेच्या कडेला लाल मातीच्या दरडीत अंगठा जाईल एवढं गोल भोक दिसलं आणि त्याच्या तोंडाला आतून पांढरं रेशमी अस्तर असलं, तर ते त्याचं घर. बोट घालू नका, काडी घालून डिवचू नका. पावसाळ्यात नर मादीच्या शोधात बाहेर पडतात, तेव्हा ओसरीवरही येतात. चिडला की पुढचे पाय उचलून उभा राहतो. झाडावरच्या जातींत त्या पायांच्या आतल्या बाजूचा पिवळा पट्टा तेव्हा दिसतो. तो दिसला की मागे सरा. यांचा चावा खरोखर दुखतो. सूज येते आणि काहींना पुढे कित्येक दिवस स्नायूंत पेटके येतात. पण या चाव्याने माणूस मेल्याची खात्रीलायक नोंद नाही. 2012 साली आसामात सदिया भागात कोळी चावून दोघे दगावल्याच्या बातम्या देशभर झाल्या. त्या लोकांच्या जखमा वैदूंनी ब्लेडने चिरल्या होत्या आणि शवविच्छेदन झालं नव्हतं. मृत्यू विषाने की त्या ब्लेडने, हे ठरवताच आलं नाही.

ब्लॅक विडोच्या गटातले कोळी भारतात आहेत, म्हणून त्यांची लक्षणं माहीत हवीत. त्यातली ब्राउन विडो प्लास्टिकच्या खुर्चीखाली, कुंडीच्या काठाखाली राहते. पोटाच्या खालच्या बाजूला नारिंगी डमरूची खूण असते आणि अंड्यांच्या गोळ्यावर बारीक काटे. या गटाचा चावा आधी नुसता टोचतो. मग तासाभरात दुखणं वाढत वर चढतं, घाम फुटतो, पोटाचे स्नायू कडक होतात. पोट इतकं ताठ होतं की अपेंडिक्सचा संशय येतो. असं झालं तर थेट दवाखाना. ऑस्ट्रेलियात याच गटातल्या रेडबॅकवर 1956 पासून आणि सिडनीकडच्या फनेल-वेब या दुसऱ्या कोळ्यावर 1981 पासून प्रतिविष आहे, आणि फनेल-वेबने त्यानंतर एकही मृत्यू झालेला नाही. आपल्याकडे डॉक्टर दुखणं, पेटके, रक्तदाब यांवर औषधं देतात आणि बहुतेक माणसं त्याने बरी होतात.

कातडी सडवणारा म्हणून ज्याचे फोटो फिरतात तो ब्राउन रेक्लूस मुळात अमेरिकेतला. तो किती भित्रा आहे पाहा. 2001 साली कॅन्सस राज्यातल्या एका घरात सहा महिन्यांत असे 2,055 कोळी सापडले, आणि त्या घरातल्या एकालाही चावा झाला नाही.

चावल्यावर

पहिलं काम साबण आणि वाहतं पाणी. भरपूर धुवा. मग बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, असं करत राहा. बर्फ थेट कातडीवर नको. हाताला चावा असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर बांगडी कापावी लागते आणि सवाष्ण बाईच्या हातातला हिरवा चुडा कापताना घरातले हळहळतात, म्हणून आधीच साबण लावून उतरवा.

नंतर बॉलपेनने लाल भागाच्या कडेने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. तासाने पुन्हा पाहा. लाली रेघेच्या बाहेर गेली तर पुन्हा रेघ, पुन्हा वेळ. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना या रेघांवरून सगळं कळतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, कारण चावा सापाचा निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही घेऊन टाका.

चुना, तंबाखू, रॉकेल, टूथपेस्ट, कुठला पाला वाटून, यातलं काही लावू नका. लावलेलं पुसताना कातडी सोलते आणि मूळ खूण नाहीशी होते. चिरू नका, चोखू नका, दोरीने बांधू नका. व्हिडिओत बघून घट्ट पट्ट्या गुंडाळणारेही आता भेटतात. ती रीत ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेबसाठी आहे, इथल्या कोळ्यासाठी नाही.

कोळी मेलेला मिळाला तर झाकणाच्या बाटलीत घालून सोबत न्या. जिवंत असेल तर मोबाइलवर फोटो काढा, पकडायला जाऊ नका. काही सापडलं नाही तर शोधत वेळ घालवू नका.

घरीच थांबायचं कधी? कोळी स्वतः पाहिला असेल, दुखणं चाव्याच्या जागेपुरतं असेल आणि माणूस खातपीत, बोलत असेल तर. बाकी सगळ्यांनी दवाखाना गाठायचा. ओठ, जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, अंगभर गांधी उठल्या, तर ती अ‍ॅलर्जी असते आणि ती मिनिटांत वाढते. 108 ला फोन करा. लघवी काळपट-लाल झाली, जखमेचा मध्य निळसर-काळा पडू लागला, तरीही जा. दोन-तीन वर्षांचं मूल आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत वाट बघायचीच नाही.

हंगामाआधी

जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चटईखाली चारी बाजूंनी खोचा. त्याने कोळी, घोण, विंचू अडतातच, मण्यारही अडतो. याहून मोठा उपाय मला माहीत नाही. खोपीतली लाकडं, नारळाची सोडणं, चुडतं घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, हातभर जागा सोडा. चिऱ्याच्या गडग्यावर हात टेकण्यापूर्वी बॅटरी मारा. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सामग्री लावताना गेल्या वर्षीची पोती आधी उन्हात झटका. न्हाणीत लटकलेला टॉवेल, बाहेर ठेवलेले गमबूट, शाळेचे बूट, सगळं झाडून घ्या.

हंट्समन घरात असेल तर त्याला राहू द्या. अगदी नकोच असेल तर तोंड रुंद असलेली बरणी त्याच्यावर पालथी घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि परसात सोडा.

शेवटचं बागायतदारांना. बोंडू वेचणाऱ्या बायका उघड्या हातांनी पातेरा चाळतात, आणि दिवसभरात किती वेळा हात आत जातो ते तुम्हीही पाहता. प्रत्येकीला जाड रबरी हातमोज्यांचा जोड, पातेरा बाजूला सारायला एक काठी आणि गमबूट द्या. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी पोटऱ्या, काखा, कंबर एकमेकींची तपासायला सांगा, गोचीड दिसली तर पिरगळू न देता चिमट्याने सरळ ओढून काढायला शिकवा. हे सगळं जानेवारीतच घेऊन ठेवा, पहिले बोंडू पडायच्या आत.